खाली बसायचंय

माझ्या सुनेला मी गल्ल्यावर बसवलं आणि ती आजारी पडून माहेरी गेली, असं आमच्या गल्लीत बोललं जातं. बोलणारे खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच बोलतात. उरलेलं अर्धं मला सांगायचं आहे, आणि ते सांगताना मी माझी बाजू सोडणार नाही. आयुष्यभर भाजीवाल्यापासून नावाड्यापर्यंत सगळ्यांशी घासाघीस करत आले आहे. स्वतःच्याच बाबतीत पडेल भावात जाणं मला जमणार नाही.

दशाश्वमेध घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात माझी खानावळ आहे. महाराष्ट्रातून काशीला येणारी माणसं तिथे जेवतात. वरण-भात, पोळी, दोन भाज्या, ताक. मी लग्न होऊन अमरावतीकडून इथे आले तेव्हा यातलं काही नव्हतं. सासरची माणसं घाटावर पूजा सांगणारी. घराण्याला मान मोठा, घरातले डबे मात्र बहुतेक वेळा तळाशी गेलेले. एकदा पूजेला आलेल्या एका म्हातारीला इथली पुरी-कचोरी बाधली. मी तिला मऊ भात आणि ताक नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबरची सगळी मंडळी आमच्या दारात उभी. मी पैसे सांगितले. आमचे हे म्हणाले, "अगं, यजमानांना जेवण विकायचं? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक जेवतील आणि आमटी छान झाली म्हणतील." तिथून ही खानावळ उभी राहिली. कोणी मदत केली नाही. आज सगळे म्हणतात, आम्हाला आधीपासून माहीत होतं ही बाई पुढे जाणार. तेव्हा कुठे होते, विचारलं की पान थुंकायला बाहेर जातात.

आमच्या जागेची रचना सांगायला हवी. पावसाळ्यात गंगा चढली की पाणी बोळात येतं, म्हणून शेगड्या, सिलिंडर, धान्य सगळं वरच्या मजल्यावर. तिथेच आम्ही राहतो. खालच्या मजल्यावर टेबलं आणि गल्ला. त्यामुळे आमच्या घरात 'खाली' हा शब्द सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतो. खाली किती पानं आहेत? खाली वरण गेलं का? खाली कोण ओरडतंय? 'वर' म्हणजे घर आणि 'खाली' म्हणजे खानावळ.

आणि आमच्या घरात एक नियम होता. घरात आणि खानावळीत हिंदी बोलायची नाही. बाहेर बोला, घाटावर बोला, नावाड्याशी भांडा, पण उंबऱ्याच्या आत मराठी. लोकांना हा माझा हट्ट वाटतो. त्यात हट्ट आहेच, पण हिशेबही आहे. दोन दिवस रेल्वेत अंग आंबवून आलेला माणूस, ज्याच्याशी स्टेशनपासून प्रत्येकाने हिंदीत भाव केलेला असतो, तो माझ्या दारात येतो आणि ऐकतो, "या, बसा, आधी पाणी घ्या." त्याच्या खांद्यावरचं अर्धं ओझं तिथेच उतरतं. ते माझ्या आमटीने होत नाही. आमटी इथे आणखीही दोन ठिकाणी बरी मिळते.

सून झाशीची. वडील रेल्वेत, शाळा हिंदी, घरी मराठी, पण ती मराठी हिंदीवर ठिगळ लावल्यासारखी. ती बोलायची तेव्हा आधी ओठ किंचित हलायचे, मग वाक्य बाहेर यायचं. मनात हिंदीत जुळवून मग मराठीत आणत असणार. मी तिला लगेच दुरुस्त करायचे. ती म्हणायची, "आई, मी भाजी बनवली." मी म्हणायचे, "भाजी करतात. बनवतात ते लोकांना." ती हसायची. सुरुवातीला खूप हसायची. पुढे हसणं कमी झालं आणि बोलणंही. मला वाटलं, मुरली आता घरात.

मुलगा बँकेत आहे. त्याची शाखा पलीकडे रामनगरला. सकाळी पूल ओलांडून जातो आणि संध्याकाळी पुलावरच्या गर्दीतून परत येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर बोलायला काही उरलेलं नसतं. सून दिवसभर माझ्याबरोबर वर. पोळ्या तिच्याकडे होत्या. हात चांगला आहे तिचा, पोळी पातळ आणि कडेपर्यंत सारखी.

एक दिवस मोठी पंगत आटोपल्यावर, अंगावर पीठ तसंच, ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. ओठ हलले. मग म्हणाली, "आई, मला रोज थोडा वेळ खाली बसायचंय."

मी काय सांगू मला काय वाटलं. माझ्या घरातल्या एकाही माणसाने कधी गल्ल्यावर बसायची इच्छा दाखवलेली नव्हती. मुलाला बँकेतली खुर्ची प्यारी. ह्यांना मी बसू देत नाही, कारण हे सुटे परत देताना लोकांना आशीर्वाद देतात आणि दोन रुपये जास्तच देतात. आणि ही परक्या घरून आलेली पोरगी आपणहून म्हणतेय, खाली बसायचंय.

"थोडा वेळ कशाला?" मी म्हटलं. "दुपारभर बस. पोळ्यांना मी बाई लावते."

तिचे डोळे मोठे झाले. "खरंच, आई?"

"खरंच म्हणजे? मी शब्द देते तो मोडत नाही."

ती माझ्या पाया पडली. शपथेवर सांगते, पाया पडली.

दुसऱ्या दिवशी मी गल्ल्याची खुर्ची पुसून ठेवली, माझी उशी तिच्यासाठी लावली आणि वाट पाहत राहिले. ही येईना. वर जाऊन बघते तर खिडकीशी पाय पसरून बसलेली, हातात काही नाही, नुसती बाहेर बघत.

"अगं, खाली बसायचं होतं ना तुला?"

"बसलेच आहे," ती म्हणाली.

"इथे काय बसलीस? खाली! खाली चल, लोक खोळंबलेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग उठली, ओढणी नीट केली आणि जिना उतरली. मी मागून उतरताना मनात म्हटलं, लाजते पोरगी. शिकेल.

ती शिकली. हिशेबात एकदाही चुकली नाही. पण गेल्या काही वर्षांत काशीची गर्दी कशी झाली आहे हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. सणवार संपतच नाहीत. आज इकडचा रस्ता बंद, उद्या तिकडचा. भाजी आणायला निघालेला माणूस पोलिसांच्या अडसराशी अडकतो आणि घरी आमटी उकळून आटते. बोळाच्या तोंडाशी टोटो, म्हणजे त्या बॅटरीच्या रिक्षा, शिंगाला शिंग लावून उभ्या. आमच्या बरोबर समोर नावेची तिकिटं विकणाऱ्याचं दुकान. त्याने स्पीकर लावलेला, त्यात एकच वाक्य भरलेलं: आइए, आइए, नाव से गंगा आरती देखिए. ते वाक्य दिवसभर आमच्या गल्ल्याच्या तोंडावर.

आणि गिऱ्हाईक. आपली माणसं पैसे देताना गप्पा मारतात. त्यातल्या बायका सुनेला विचारायच्या, "नवीन लग्न वाटतं?" ती सांगायची, चार वर्षं झाली. "चार? मग?" त्या 'मग'नंतर त्या तिच्या पोटाकडे बघायच्या. मी शेजारी उभी असायचे. मला ते आपुलकीचं बोलणं वाटायचं. मलाही सगळ्यांनी असंच विचारलं होतं आणि मी उलट उत्तर देऊन मोकळी झाले होते. हिला उलट उत्तर मराठीत सुचत नव्हतं आणि हिंदीत द्यायची सोय मी ठेवली नव्हती.

ती गप्प होत गेली. आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते. भाव करताना जो गप्प बसतो तो भाव वाढवून मागत असतो. मीच तसं करते. भाजीवाल्याने भाव सांगितला की वांगं हातात धरून मी नुसती उभी राहते. तो स्वतःच खाली येतो. तेव्हा सुनेचं गप्प बसणं मी तसंच धरलं. हिला आणखी काही हवंय. मी धान्याच्या खोलीची किल्ली दिली. ती गप्पच. बसवाल्यांचे फोन तिच्याकडे दिले. ती आणखी गप्प. मी मनात म्हटलं, वा, पोरगी माझ्यावर ताण करणारी निघाली, एवढ्यावरही मानत नाही. इतकं दिलं, पण 'आई, बरं वाटलं' एवढं एक वाक्य नाही. तो राग मी बरेच दिवस जपला.

त्याच सुमारास आपल्या मराठी मंडळींच्या सभागृहात एक व्याख्यान झालं. विषय ताण कसा कमी करावा. पुण्याहून एक गृहस्थ आले होते. चहा-पोह्यांचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी गेले. सुनेला खाली बसवून गेले. गृहस्थ चांगले बोलले. ताण माणसाचा असतो, कुटुंबाचा असतो, गावाचाही असतो, असं सांगितलं. मग म्हणाले, "डोळे मिटा. तुमच्या घरात सगळ्यात जास्त ताण ज्याच्यावर आहे, त्याचा चेहरा आठवा." मी डोळे मिटले. मला माझाच चेहरा आठवला.

मग त्यांनी लोकांना बोलायला सांगितलं. एक निवृत्त मास्तर म्हणाले, मला ताण नाही, फक्त स्कूटर लावायला जागा नाही. सगळे हसले. मग मागून एक बाई उठल्या. त्यांचा मुलगा दिल्लीत कसल्या कसल्या परीक्षा देतो. त्या म्हणाल्या, "तो फोन उचलत नाही. उचलला की मी पहिलं विचारते, अभ्यास झाला का. मला ते विचारायचं नसतं. दुसरं काय विचारू तेच सुचत नाही." आणि खाली बसल्या.  माझी चहाची किटली हातात तशीच राहिली.

शेवटी मी गृहस्थांना विचारलं, "ताण कमी करायचा म्हणजे ठेवायचा कुठे?"

ते म्हणाले, "ठेवायचा कशाला? सोडून द्यायचा."

"काशीला सगळे सोडायलाच येतात हो," मी म्हटलं. "पापं, केस, अस्थी, ताण. सगळं आमच्या दारात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुशीत घरी आले. सून गल्ल्यावर होती, चेहरा पिठासारखा. मी तिला टाळ्यांची गोष्ट सांगितली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते झालं. सणाची गर्दी, दारात रांग, समोर आइए आइए, मागे कोणीतरी वरण थंड आहे म्हणून ओरडतंय. एक बाई गल्ल्यापाशी वाकून म्हणाली, "मग? काही औषध वगैरे घेतेस की नाही?" सून उठली. गल्ल्याचा खण उघडा, तशीच चालू लागली. मला वाटलं, वर गेली. वर नव्हती. ह्यांना शोधायला पाठवलं. ती भोसले घाटाच्या पायऱ्यांवर बसलेली सापडली. हात बर्फासारखे, श्वास वरच्या वर, बोलता येईना. मुलगा रामनगरहून धावत आला. डॉक्टरकडे नेलं. हृदय तपासलं, रक्त तपासलं, सगळं ठीक.

डॉक्टर वयस्क होते, इथलेच. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि विचारलं, "बेटा, क्या चाहिए तुमको? सच बताओ."

आणि सून म्हणाली, "कुछ नहीं. बस रोज़ थोड़ी देर खाली बैठना चाहती हूँ. इनसे कब से कह रही हूँ."

 तीच पोरगी, तेच वाक्य, आणि मला ते आत्ता ऐकू आलं. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं. इतकी वर्षं मी याच शहरात हिंदीत भांडते आहे, मला का तो शब्द माहीत नव्हता? पण उंबऱ्याच्या आत मी हिंदी ऐकतच नव्हते. तिला काहीही न करता बसायचं होतं. मी तिला गल्ला दिला, किल्ल्या दिल्या, फोन दिला. ती दर वेळी पाणी मागत होती आणि मी दर वेळी तिच्या डोक्यावर भरलेला हंडा ठेवत होते.

माझी बाजूही ऐका. मराठीत त्याला 'रिकामं' म्हणतात. तिने रिकामं बसायचंय म्हटलं असतं तर हा घोळ झाला नसता. पण रिकामं बसायचंय म्हटली असती तर मी तिला काय उत्तर दिलं असतं, हेही मला माहीत आहे. म्हणून हा मुद्दा मी फार रेटत नाही.

ती झाशीला गेली. जाताना कपडे जास्त नेले. माझ्या डोळ्यांना वजन कळतं. मुलगा स्टेशनवरून आला आणि बुटांसकट पलंगावर आडवा झाला.

"कधी येणार म्हणाली?" मी विचारलं.

"आई, आत्ता काही विचारू नकोस." थोड्या वेळाने म्हणाला, "मला वाटत नाही ती येईल. आणि ती आली नाही तर मी झाशीला बदली मागेन."

तेव्हा मला कळलं की नुसती गल्ला सांभाळणारी गेलेली नाही.

चार-आठ दिवसांनी मी विहीणबाईंना फोन केला. "काय करते ती दिवसभर?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"गॅलरीत बसते. आम्ही विचारत नाही, ती सांगत नाही."

फोन ठेवल्यावर माझं डोकं इतकं तापलं की संध्याकाळच्या आमटीत मी मीठ दोनदा घातलं. एक धडधाकट बाई दिवसभर बसते आणि घरात कोणी विचारत नाही! पण नंतर, सगळं झाकून ठेवताना, मला वेगळंच वाटू लागलं. आयुष्यात मला कोणीही, कधीही, एक दुपारसुद्धा न विचारता सोडलेलं नव्हतं. मीही स्वतःला नाही.

आपल्या बोलीत बघा, काही न करणाऱ्याला एक चांगला शब्द नाही. रिकामटेकडा, ऐतखाऊ, बसून खाणारा, नुसता दगड. एक 'निवांत' आहे. पण तो आपण कधी वापरतो? सगळं आटोपलं की निवांत बसू, म्हणतो. ते सगळं काही आटोपत नाही आणि निवांत तसाच शिल्लक राहतो, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशांसारखा. माझ्या सासूने तो वापरलाच नाही. ती गेली तेव्हा तिच्या उशाशी निवडायला घेतलेले तांदूळ होते.

मी ठरवलं, हे बसणं असतं तरी काय ते बघू. दुपारी पंगत उठल्यावर शटर अर्धं ओढलं आणि गल्ल्याच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसले. बसताक्षणी ऐकू आलं: आइए, आइए, नाव से गंगा आरती देखिए. पुन्हा. पुन्हा. इतकी वर्षं ते चालू होतं आणि मी कधी ऐकलंच नव्हतं, त्याच्यावरून ओरडत होते. माझी बहीण सांगते, लहानपणी माझा आवाज इतका हळू होता की शाळेत हजेरी लागायची नाही. तो आवाज मी इथे कुठेतरी गमावला. आणि सून त्या स्पीकरसमोर रोज दुपारभर बसत होती.

मी उठले आणि समोरच्या दुकानात गेले.

"का चाची, आज इधर?" तो म्हणाला. पोट सुटलेला, गळ्यात सोन्याची साखळी, माझ्या मुलापेक्षा थोडा मोठा.

"दुपहर में स्पीकर बंद करने का क्या लोगे?"

तो हसला. "चाची, स्पीकर बंद त दुकान बंद."

मी काही बोलले नाही. त्याच्या बाकावर बसले. वांगं हातात धरल्यासारखी. तो तिकिटांची चळत इकडून तिकडे ठेवू लागला. स्पीकर ओरडत होता. थोडा वेळ गेला आणि तो आपणहूनच म्हणाला, "सच बताऊँ चाची? मेरा भी माथा फटता है. रात को सोता हूँ तब भी यही बजता है कान में. डागदर बीपी की गोली दिए हैं." मग हात वर करून, "लेकिन बंद करूँगा तो बगल वाला चूड़ी वाला अपना बढ़ा देगा."

बांगडीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, नाववाल्यामुळे मला वाढवावा लागतो. त्याच्या पुढचा चहावाला म्हणाला, या दोघांमुळे मला गिऱ्हाइकाला ओरडून विचारावं लागतं, चीनी कितनी. सगळे एकमेकांमुळे ओरडत होते आणि ऐकत कोणीच नव्हतं. पुण्याच्या गृहस्थांनी सांगितलेला गावाचा ताण तो हाच असावा. मला तो आमच्या बोळाएवढा दिसला, आणि बोळाएवढ्या गोष्टीचा भाव मला करता येतो.

दुपारच्या उन्हात नावेत कोणी बसत नाही हे मला माहीत होतं आणि त्यालाही. म्हणजे मी त्याच्याकडून नको असलेला माल उचलत होते. दुपारचं एक ताट देईन म्हटलं. तो दोन म्हणाला. बायकोला पुरणपोळी आवडते म्हणाला. शेवटी एक ताट आणि सणाला पुरणपोळी यावर सौदा पटला. बांगडीवाला ताकावर मानला. चहावाल्याने काही मागितलं नाही. नुसता म्हणाला, "हो जाए चाची, गला बैठ गया है."

टोटोवाल्यांचं काही झालं नाही. ते कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

मग मी सुनेला फोन केला. स्वतः.

"कशी आहेस?"

"बरी आहे, आई."

मी गप्प बसले. तीही. मी आणखी गप्प बसले. तिकडे झाशीच्या गॅलरीत कुठलातरी पक्षी ओरडत होता. शेवटी मीच आधी बोलले. माझ्या धंद्यात याला हरणं म्हणतात.

"दुपारी खानावळ बंद ठेवतेय," मी म्हटलं. "शटर ओढून. रिकामं बसायला. तासभर."

"संध्याकाळच्या चहापर्यंत," ती म्हणाली.

"अगं, त्या वेळात बस येतात!"

"इथे गॅलरी मोठी आहे, आई."

मी फोन कानावर दाबला. ही भाव करत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझ्या छातीत काय झालं कोण जाणे, पण ते दुखणं नव्हतं.

"बरं. चहापर्यंत. आणखी?"

"गल्ल्यावर मी बसणार नाही. पोळ्या लाटेन. पोळी मला काही विचारत नाही."

मला त्या बायकांचं 'मग?' आठवलं. "चालेल," मी म्हटलं. "आणि जी विचारेल तिला मी बघून घेईन."

"आणि थकल्यावर मी हिंदीत बोलेन."

"ते नाही जमायचं. घरात मराठी."

"थकल्यावर मराठी सुचत नाही, आई. खरंच नाही सुचत." ती म्हणाली. "मग मी बोलतच नाही."

बराच वेळ मी काही बोलले नाही. या वेळी ती युक्ती नव्हती.

"वर हिंदी," मी म्हटलं. "खानावळीत मराठी. यापुढे एक पैसा कमी करणार नाही."

"येऊन बघते," ती म्हणाली. येते नाही. येऊन बघते.

ती आली. बॅग उघडली नाही. लागेल तेवढं काढायची आणि पुन्हा चेन लावायची. बॅग पलंगाच्या कडेला भरलेली उभी. मुलगा तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे.

पहिल्या दुपारी आम्ही दोघी वर खिडकीशी बसलो. बोळ बराच गप्प होता. मी मेथीची जुडी आणि ताट पुढ्यात ओढलं. सुनेने ताट माझ्यापुढून काढून घेतलं.

"मेथी निवडणं काम नाही," मी म्हटलं.

"काम है," ती म्हणाली.

हातांचं काय करायचं ते कळेना. शेवटी मी ते मांडीखाली घातले. आणि तेवढ्यात खाली शटरवर थापा पडल्या.

"ओ ताई! उघडा की! कोल्हापूरहून आलोय, अख्खी बस आहे!"

मी उभी राहिले. अख्खी बस. सकाळच्या पोळ्या होत्या, भात लावायला कितीसा वेळ. सून माझ्याकडे बघत नव्हती. ती बाहेर, पलीकडच्या छपरावरच्या माकडाकडे बघत होती. पण तिचा खांदा कानापर्यंत चढला होता, जसा गल्ल्यावर चढायचा. आणि पलंगाशी ती बॅग.

मी खिडकीतून वाकले. "खानावळ बंद आहे! चहाच्या वेळी या!"

"बंद कशी? तुम्ही तर दिसताय!" खालून एक टोपीवाले आजोबा म्हणाले.

"आम्ही खाली बसलोय!" मी ओरडले. तिचंच वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं.

आजोबांनी वर माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे, मग मागच्या मंडळींकडे. "खाली?" ते म्हणाले. "अहो बाई, खाली तर आम्ही आहोत!"

मागे सुनेला हसू फुटलं. खिडकीची कड धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी रागानेच वळले होते, पण मलाही आवरेना. खालची बस पुढच्या बोळातल्या खानावळीत गेली. तिची मालकीण कोण आहे ते मला माहीत आहे आणि त्या दिवशी तिने त्यांच्याकडून काय घेतलं असेल तेही. ते मी विसरलेले नाही.

चहा ठेवायला उठले तेव्हा सून स्टुलावर उभी राहून बॅग माळ्यावर सरकवत होती.

"जपून, जड असेल," मी म्हटलं.

"नाही आई," तिने वरूनच सांगितलं. "खाली आहे."

बॅग तिच्या डोक्याच्याही वर होती. मी तिला दुरुस्त केलं नाही. स्टूल धरून उभी राहिले.